घराखालची जमीन

मासळीवाल्याचा सुरा बांगड्याच्या पोटात अर्ध्यावर थांबला आणि मान वर न करताच तो म्हणाला, "मग शुक्रवारी येताय ना? घर उचलायला?"

हामसिनाच्या हातातली पिशवी तशीच उघडी राहिली. कुणाचं घर, हे ती विचारणार होती. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण हा रापे तिच्याच गावचा, सालोतेंगाचा. पहाटेच्या गाडीला मासळी घालून तो मकास्सर शहरातल्या या बाजारात येतो, आणि गावातल्या माणसानं 'घर' असं नुसतं म्हटलं तर ते एकच असू शकतं, हे तिला त्याच क्षणी उमगलं. "येणार ना," ती म्हणाली. "न येऊन कसं चालेल?" आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "तेच म्हटलं मी बायकोला," रापेनं सुरा पुन्हा चालवला. "म्हटलं, थोरल्या बहिणीशिवाय का उचलणारेत? जुम्रियानं बांबूसुद्धा तोडून ठेवलेत. नवऱ्याच्या, लाहामिंगच्या जागेत नेतायत, खाडीच्या तोंडाशी. बरं झालं. शेवाळाच्या दोऱ्या उठून लगेच पाण्यात. डोकं काढू का ठेवू?" "ठेवा," हामसिना म्हणाली, आणि माशाचं डोकं ठेवायचं की काढायचं यावर आपण इतक्या ठामपणे बोललो याचा तिला राग आला.

ती गल्लीत शिरली तेव्हा पिशवीतून पाणी ठिबकत होतं आणि तिच्या पायावर पडत होतं. तिला सांगितलं नव्हतं. रापेला माहीत होतं, रापेच्या बायकोला माहीत होतं, बांबू तोडणाऱ्यांना माहीत होतं, म्हणजे निदान पंधरा दिवस तरी गाव हे चघळत असणार. आणि ती इथे रोज सकाळी दुकान उघडून डोक्याला बांधायच्या रुमालांच्या घड्या मांडत होती, बायकांना हा रंग तुम्हाला खुलेल आणि तो खुलणार नाही हे सांगत होती. विचारायला हवं होतं, असं ती मनाशी घोकत चालली. मग मनातलंच कुणीतरी म्हणालं, काय म्हणून? घर जुम्रियाचं. आपल्या घराचं माणूस काहीही करील. तुझी काय ती खालची जमीन. त्या जमिनीला कोण हात लावतंय?

वाटणी आईनं जिवंतपणी केली होती. घराखालच्या सावलीत, बांबूच्या माच्यावर बसून. आमच्या किनाऱ्यावर घरं खांबांवर उभी असतात आणि वर माणसं नुसती झोपतात. जगतात ती खाली. खाली समुद्रात वाढवायच्या शेवाळाच्या दोऱ्या बांधायच्या, जाळी शिवायची, भांडायचं, लग्नं जमवायची. त्या सावलीत गावातली चार मोठी माणसं समोर बसवून आई म्हणाली होती, "घर जुम्रियाचं. खालची जमीन हामसिनाची. माड दोघींचे." पुरुष कावडीनं नेतो, बाई डोक्यावर नेते, असं आमच्याकडे म्हणतात, म्हणजे वाटणीत भावाला दोन भाग आणि बहिणीला एक. पण या घरात कावड नव्हतीच. दोन डोकी होती. माणसांनी माना डोलावल्या. म्हातारी शहाणी, म्हणाले. घर जमिनीला सोडणार नाही आणि जमीन घराला. दोघी बहिणी मरेपर्यंत एकमेकींच्या राहतील. त्या वेळी कुणालाच, खुद्द म्हातारीलाही, आठवलं नाही की आपल्याकडच्या घरांना पाय असतात.

आईनं 'घर जुम्रियाचं' म्हटलं तेव्हा जुम्रिया काय करत होती, हे हामसिनाला अजून दिसतं. ती दोरी बांधत होती. शेवाळाची बोटभर डहाळी घ्यायची, दोरीच्या फाशात घालायची आणि नखानं गाठ सरकवायची. ती थांबली नाही. तिनं वर पाहिलंही नाही. जणू कुणी तिला तिचं नाव सांगत होतं. ते न थांबणं हामसिनाच्या काळजात रुतलं. आपल्याला जमीन मिळाली म्हणून ती मात्र चटकन आईच्या पाया पडली होती, सगळ्यांदेखत, पाहुण्यासारखी.

पाहुणी ती फार लवकर झाली. बाराव्या वर्षी तिला मावशीकडे मकास्सरला शिकायला पाठवलं. सगळे म्हणाले, नशीब काढलंस. जुम्रिया तेव्हा पाच वर्षांची होती, नाक वाहत असलेली, तिच्या परकराला धरून रडणारी. घरात एक खांब असतो, ज्याला आम्ही घराची बेंबी म्हणतो. बाकीचे खांब घराला धरतात, हा घरातल्या बाईला धरतो असं समजतात. त्या खांबापाशी आईची चटई असायची आणि आईच्या कुशीत हामसिना. जुम्रिया जन्मली तेव्हा त्याच खांबाला झोळी बांधली गेली आणि हामसिनाची चटई भिंतीकडे सरकली. हात-दोन हातांचं अंतर होतं ते. पण रात्री झोळीची दोरी करकरायची आणि आई झोपेतच हात लांबवून हेलकावा द्यायची, आणि सात वर्षांची मुलगी डोळे मिटून मोजत राहायची की तो हात परत येताना आपल्याकडे वळतो का. नंतर ती सुट्टीत यायची तेव्हा तिला नवी चटई मिळायची. चहा बशीसकट मिळायचा. घरात बशी एकच होती. आई आणि जुम्रिया डब्यांच्या झाकणांतून चहा प्यायच्या आणि कसल्यातरी शब्दावर दोघी एकदम हसायच्या. "काय झालं?" हामसिना विचारायची. "काही नाही गं, आमचं आपलं," आई म्हणायची. आमचं आपलं. बशीच्या कडेवर एक निळं फूल होतं. ते अर्धवट पुसलं गेलं होतं तरी तिला त्याचा तिटकारा येत असे.

आणि शेवटच्या वर्षी तर आई तिला ओळखेनाशीच झाली. हामसिना गाडीनं पाच तास हिंदकळत जायची, फळं घेऊन, अत्तर घेऊन. आई तिच्याकडे टक लावून बघायची आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायची, "अगं, बाई आल्यात. चहा टाक." जुम्रिया ओशाळायची. "ताई, तिला काही कळत नाही आता," म्हणायची. पण जुम्रियाच्या हातून घास घेताना तिला बरोबर कळायचं. तोंड उघडायचं कधी आणि मिटायचं कधी, सगळं कळायचं.

म्हणूनच ते झालं असावं. आईचा चाळिसावा दिवस झाला, पाहुणे पांगले आणि जुम्रिया भीतभीत म्हणाली, "खाली मागच्या बाजूला सिमेंट घालून मोरी करावी म्हणते ताई. पावसात चिखल होतो." तेव्हा हामसिना पटकन म्हणाली होती, "आधी विचारायचं होतंस. खालची जमीन माझी आहे." गवंडी तिथेच उभा होता. त्याच्या हातात दोरी होती मोजायची. ती त्यानं गुंडाळायला घेतली. जुम्रिया म्हणाली, "हो ताई. चुकलं माझं." एवढंच. हामसिनाला भांडण हवं होतं. तिला हवं होतं की जुम्रियानं ओरडावं, तुला काय माहीत मी काय काय केलं म्हणावं. म्हणजे मग तिलाही ओरडता आलं असतं, तुला काय माहीत मला काय काय मिळालं नाही ते. पण जुम्रियानं मान खाली घातली, मोरी झाली नाही, आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत हामसिनाला मकास्सरमध्ये पागोळ्यांचा आवाज आला की तो चिखल दिसायचा. चिखल दिसला की आधी बरं वाटायचं, आणि मग वाईट. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी जुम्रियाचा फोन आला. "ताई, उद्या ये. नमाजानंतर घर उचलणार आहेत."

"कळलं मला. मासळीबरोबर निरोप आला."

पलीकडे कोंबड्यांचा कालवा चालला होता. "आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस," जुम्रिया म्हणाली. "आणि तू नको म्हटल्यावर मला नेता आलं नसतं."

"मग आज तरी कशाला सांगतेस?"

"तू आल्याशिवाय कसं न्यायचं?" जुम्रिया म्हणाली, आणि हे तिनं इतकं सरळ म्हटलं की हामसिनानं फोनच ठेवून दिला. नवरा, रुस्तान, बंदरातल्या गोदामावरून येऊन पाय धूत होता. त्याला तिनं सांगितलं. त्यानं पाय पुसता पुसता म्हटलं, "घर त्यांचं, ते नेतायत. तुझी जमीन तर कुणी उचलून नेत नाही ना?" आणि आपल्याच विनोदावर तो खूश झाला. ती हसली नाही. तिच्या मनात आलं, जुम्रियाला बरोबर ठाऊक आहे. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य तिनं दोन वर्षं जपून ठेवलं आणि आता ते शब्दशः पाळतेय. तुझी जमीन? घे. ही बघ, मोकळी करून देते.

सकाळच्या गाडीनं ती निघाली. घाटात धुकं होतं. शेजारी बसलेली मुलगी तिच्या खांद्यावर झोपी गेली, तिला हामसिनानं उठवलं नाही. आपण जाऊन काय करणार आहोत हे तिला ठरवायचं होतं, पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. घर उठलं की खाली काय दिसेल? तिनं आपल्या आयुष्यात ती जमीन उन्हात पाहिली नव्हती.

ती पोचली तेव्हा घराच्या खांबांना आडवे-उभे बांबू करकचून बांधून झाले होते. घरातलं सामान माडाखाली आणून ठेवलेलं. कपाट, गाद्या, पातेली, घड्याळ. आणि आईची खाट, तिच्यावर एक कोंबडी बसलेली. चुलाणावर बायका केळीच्या पानातलं बारोंगको उकडत होत्या. पिकल्या केळ्यांचा आणि नारळाच्या दुधाचा गोड वास धुराबरोबर पसरला होता आणि त्याखालून किनाऱ्यावर वाळणाऱ्या शेवाळाचा तो उग्र वास. जुम्रिया धावत आली. तिनं ताईचा हात आपल्या कपाळाला लावला. जुम्रियाचा हात ओला होता, राखेचा होता. ती वाळली होती, पण केस अजून तसेच दाट, एकही पांढरा नाही. "दमलीस? थांब, चहा आणते," म्हणून ती गेली आणि चहा आणला तो बशीसकट. निळ्या फुलाची नव्हे, नवीच, काचेची. खास आणलेली असावी. हामसिनानं चहा घेतला आणि बशी जुम्रियाच्या हातात परत दिली. "हिचं काय करू?" जुम्रियानं विचारलं. "ठेव. पाहुण्यांना होईल," हामसिना म्हणाली.

मग ती शिडीवरून वर गेली. मोकळ्या घरात तिच्या पावलांचा आवाज वेगळाच आला. भिंतींवर जिथे जिथे काही टांगलेलं होतं तिथे फिकट चौकोन राहिले होते. बेंबीच्या खांबाला नवं पांढरं कापड गुंडाळलं होतं, आणि केळ्यांचा घड, नारळ, गुळाची ढेप बांधली होती. तिनं खांबाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. लाकूड उबदार होतं. काहीतरी आठवेल असं तिला वाटलं होतं, पण पाठीला फक्त गाठ टोचली. फळ्यांच्या फटींतून खालचं बोलणं वर येत होतं.

"आली वाटतं मकास्सरवाली."

"येईल नाहीतर काय. जमीन मोजायला आली असेल. घर गेल्यावर टाचभर जागा जास्त निघतेय का बघायला."

बायका खुसखुसल्या. मग जुम्रियाचा आवाज आला, दबका, तुटक. "गप्प बसा. ताई वर आहे."

हामसिना हलली नाही. टोमण्यानं तिला काही वाटलं नव्हतं. टोमणा खराच होता. पण ही धाकटी आता तिला सांभाळून घेत होती. ताई वर आहे. जसं आजारी माणूस झोपलंय म्हणून पोरांना गप्प करतात तसं. चांगुलपणासुद्धा हिनंच घ्यायचा, घराबरोबर. माझ्यासाठी उरतं काय, तर खाली उभं राहून सारं बघणं. 

नमाज सुटला आणि माणसं मशिदीतून तशीच आली, टोप्यांसकट, लुंग्या गुडघ्यांपर्यंत खोचून. आसपासच्या वाड्यांवरूनही आली होती. बारोंगको खाल्लं, कॉफी झाली, थट्टामस्करी झाली. "लाहामिंग, सासूची मांजर खाली उतरवलीस ना? मागल्या वेळी एकाच्या घरात म्हैसच राहिली होती!" लाहामिंग, जुम्रियाचा नवरा, अबोल माणूस, नुसता हसला. गावातले सगळ्यात थोर म्हणजे पुआंग बेद्दू. ते शिडीच्या वर, ओटीवर, कठडा धरून उभे राहिले. त्यांच्या आरोळीवर घर उचलायचं आणि त्यांच्याच आरोळीवर टेकायचं. माणसं बांबूंखाली शिरली. शंभराहून जास्त खांदे होते. आता घराखाली सावली दिसत नव्हती, नुसत्या पाठी दिसत होत्या.

पहिली आरोळी झाली. सगळं घर कण्हलं. तीन बाजू वर आल्या आणि चौथी, समुद्राकडच्या कोपऱ्याची, तिथेच राहिली. "ठेवा, ठेवा!" पुआंग ओरडले. दुसऱ्यांदा तसंच झालं. बाकीचे खांब दगडांवर नुसते टेकलेले होते, पण कोपऱ्यातला तो एक बापानं कधीकाळी वादळानंतर जमिनीत खोल पुरला होता आणि ते सगळे विसरले होते. लाहामिंगनं पहार मागवली. पहार खाडीकडच्या जागेत राहिली होती, कुणीतरी आणायला पळालं. माणसं बांबूंखालून बाहेर येऊन घाम पुसू लागली. पुआंग बेद्दू वरून म्हणाले, कुणाकडेच न बघता, "घर अडतं तेव्हा कुणाचा तरी निरोप घ्यायचा राहिलेला असतो."

कुणी हामसिनाकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी इतक्या कसोशीनं दुसरीकडे पाहिलं की तिला आपण भर गर्दीत उघड्या पडल्यासारखं वाटलं. आणि तरी, लाज वाटत असतानाच, तिच्या आत कुठेतरी गोड, घट्ट असं काहीतरी उसळलं. नाही जात. बघ, नाही जात ते. माझ्या जमिनीनं धरलंय. लहानपणी झोळीची दोरी तुटावी असं तिनं एकदा मनात आणलं होतं, आणि तेव्हाही असंच काहीतरी उसळलं होतं.

जुम्रिया चुलाणाकडून उठून आली. तिच्याजवळ येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून, तोंड घराकडे ठेवून. हळूच म्हणाली, "ताई, तू नको म्हण. मी ठेवते इथेच. सगळ्यांना जेवायला घालून परत पाठवते. काही वाटून घेणार नाही मी."

हामसिनानं मागितलं असतं ते हेच होतं. घर जागेवर राहील. जुम्रिया तिच्या जमिनीवर, तिच्या शब्दावर राहील, चिखल झाला तर विचारून सिमेंट घालील. हामसिनानं तोंड उघडलं. आणि तिला दिसलं की आज संध्याकाळी ती मकास्सरच्या गाडीत बसेल आणि इथे दिवा लागेल. उद्याही लागेल. या दिव्याखाली हिचा जन्म गेला आणि उरलेलाही जाईल, आणि आपण तिथे पागोळ्या ऐकत पडून राहू. घर राहिलं तरी ते काही आपल्याकडे येत नाही.

तिनं चपला काढल्या, परकर वर खोचला आणि माणसांच्या मधून वाकून घराखाली गेली. कोपऱ्यातल्या खांबापाशी तिनं गुडघे टेकले. जमीन वरून टणक होती, शिंपल्यांच्या चुऱ्याची, खाली ओली. तिनं एक फुटकी करवंटी उचलली आणि उकरायला लागली. "अहो, पहार येतेय," कुणीतरी म्हणालं. "बाई, हाताला लागेल." ती उकरत राहिली. नखांत वाळू गेली, करवंटी मोडली, तिनं हातांनी उकरलं. नीघ, ती पुटपुटत होती. नीघ एकदाचं. जा. आपण निरोप देतोय की हाकलून लावतोय, हे तिला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. लाहामिंग पहार घेऊन तिच्या शेजारी बसला. त्यानं दुसऱ्या बाजूनं खणायला घेतलं. खांबाचं टोक दिसलं. ते कुजलेलं नव्हतं. काळं होतं, ओलं होतं.

"बाहेर या," तो म्हणाला. ती आली नाही. "मी घराखालीच थांबते. खांदे कुठे लागतात मला? मधे जागा आहे," ती म्हणाली. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि माणसांना खूण केली.

आरोळी झाली. या वेळी घर एकाच श्वासात उठलं. शंभर माणसांचा 'हो' तिच्या कानांवर आदळला. तिच्या डोक्यावरच्या फळ्या हातभर वर गेल्या आणि मग सरकायला लागल्या. पाय तिच्या दोन्ही बाजूंनी चालत होते, चिखलाचे, केसाळ, शिरा ताणलेले पाय. ती मधे सरकून बसली होती. प्रथम स्वयंपाकघर तिच्यावरून गेलं, मग बेंबीचा खांब, पांढऱ्या कापडाची कड वाऱ्यावर हलत, मग ओटी. ओटीबरोबर सावलीही गेली. ऊन एकदम तिच्या डोक्यावर पडलं, इतकं जड की तिनं हात वर नेला. घर माडांमधून वाट काढत डुलत चाललं होतं. मागे पोरं नाचत होती. शिडी काढलेल्या दारातून आतली रिकामी खोली दिसत होती.

तिकडे घर टेकल्यावर ती गेली. तिला सगळ्यांत आधी वर चढवलं, पाण्याची घागर तिच्या हातात दिली, कारण घरातली थोरली बाई आता तीच होती. तिनं घागर खांबापाशी ठेवली. पोरांनी घडाची केळी लुटली. चिंच घातलेलं मासळीचं कालवण झालं, भात झाला, पुआंग बेद्दूंनी दुवा म्हटली. बायका तिच्याशी आता नीट बोलत होत्या, तिच्या सोललेल्या बोटांना हळद लावा म्हणत होत्या. तिनं सगळ्यांना हसून उत्तरं दिली आणि उन्हं कलली तशी ती एकटीच उठून परत जुन्या जागेकडे गेली.

जागा लहान दिसत होती. एवढीशी? तिला वाटलं होतं बरीच मोठी असेल. दगडांच्या रांगा, मधे काळपट गुळगुळीत झालेली माती, सुपारीच्या पिंकांचे डाग, तुटक्या दोऱ्या, एक फणी. सरकारी कागदात तिच्या नावावर असलेली जमीन. ती मधोमध उभी राहिली. पाठीमागे पावलं वाजली. जुम्रिया आली होती, कपडे धुवायचा दगड न्यायला. तो तिनं उचलला नाही, त्याच्यावर बसली.

"झालं तुझ्या मनासारखं," हामसिना म्हणाली. "माझ्या एका शब्दावर घर उचलून नेलंस. गावाला कळलं कशी बहीण आहे ती."

"तुझ्या शब्दावर?" जुम्रियानं वर पाहिलं. "मोरीच्या? अगं, ते मी त्या रात्रीच विसरले. तू तेव्हा किती रडली होतीस चाळिसाव्याला. माणूस बोलतं काहीतरी."

"मग कशाला नेलंस?"

जुम्रियानं पायानं एक शिंपला उकरला.  "मला इथे राहवत नव्हतं," ती म्हणाली. "आई शेवटी मला सिना म्हणायची, तुझ्या नावानं. वर्षभर. मी भरवायचे, पुसायचे, कूस बदलून द्यायचे, आणि ती म्हणायची, सिना, आलीस? सिना, किती गं वाळलीस शहरात. सिना, ती धाकटी कुठे उलथलीय, तिला सांग चहा टाकायला. तू यायचीस तेव्हा तुला बाई म्हणायची ना? कारण सिना तर तिच्याजवळच होती. मी होते ती. जुम्रिया म्हणून तिनं मला एकदाही हाक मारली नाही, मरताना पण नाही." तिनं शिंपला पायानं दूर लोटला. "तू रागावशील, पण मला तुझा फार राग यायचा ताई. फार. आणि ती गेल्यावरही संध्याकाळ झाली की मला इथे, या कोपऱ्यातून, तीच हाक ऐकू यायची. लाहामिंगला म्हटलं, मला ने इथून. घर सोडवत नाही तर घरासकट ने."

हामसिना उभीच होती. तिला वाईट वाटायला हवं होतं आणि वाईट वाटणार होतं, ते येताना तिला दिसत होतं. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं, भुकेलं, हावरं.  ती जुम्रियाच्या समोर मातीत बसली. "कशी मारायची?" तिनं विचारलं.

"काय?"

"हाक. कशी मारायची ती? मारून दाखव."

"काहीतरीच काय ताई."

"एकदा. जुम्रिया, एकदा."

जुम्रियानं तिच्याकडे पाहिलं. मग नजर खाडीकडे वळवली. गळा थोडा वर केला, आणि तिच्या तोंडून म्हातारा, खरखरीत, लाडानं शेवटी वर जाणारा आवाज निघाला. "सिना... एऽ सिना..."

हामसिना पुढे वाकली. "ओ," ती म्हणाली.

"मी ओ नव्हते देत," जुम्रिया म्हणाली, आपल्या आवाजात. "ओ दिली की ती आणखी हाका मारायची. 'आले' म्हटलं की गप्प व्हायची."

"पुन्हा मार."

"नको गं."

"मार म्हणते ना."

जुम्रियानं डोळे पुसले आणि पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा हळू. हामसिनानं श्वास घेतला. "आले," ती म्हणाली. पण दोघींच्या तोंडून ते एकदमच निघालं, सवयीनं जुम्रियाच्याही. जुम्रियाचं अर्ध्या श्वासानं आधी.